तुतीखालचा दगड

आमच्या भागात सगळेच खणतात. शेतासाठी नांगर धरतात ते वेगळं. मी सांगतेय ते सोन्यासाठी खणण्याबद्दल. गावाबाहेरच्या जुन्या चर्चच्या भिंती अजून उभ्या आहेत, पण आतली जमीन उकरून उकरून अशी झाली आहे की शेळीसुद्धा तिथे जपून पाय टाकते. पाणचक्कीचं जोतं खणून झालं, ओढ्यावरच्या पुलाचे पाये खणून झाले. एखाद्याने नवा ट्रॅक्टर घेतला की चहाच्या दुकानात लोक एकमेकांकडे बघतात आणि म्हणतात, ‘लागला वाटतं हंडा.’ कुणाचा हंडा, हे विचारायची गरज नसते. आर्मेनियन लोकांचा. ते जाताना पुरून गेले, एवढं आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

मी या गावच्या शाळेत जन्मभर शिकवलं. आता निवृत्त झाले, तरी संध्याकाळी पोरं ओट्यावर येऊन बसतात आणि मी त्यांची गणितं बघते. सगळं गाव मला ‘बाई’ म्हणतं. माझं नाव नेबाहत आहे हे घरच्यांनाच काय ते आठवत असेल. मी लग्न केलं नाही. माझा धाकटा भाऊ रेम्झी, त्याची बायको गुलिझार, आमची म्हातारी आई आणि मी, असे आम्ही एकाच घरात राहत होतो. शिवाय बेंगू, रेम्झीची नात. तिचे आईबाप जर्मनीत कारखान्यात कामाला, म्हणून पोर आमच्यापाशी. शाळेतून आली की दप्तर टाकून आधी पणजीच्या मांडीवर, मग माझ्या ओट्यावर.

माझ्या हाताखालून इतकी पोरं गेली, पण तिच्यासारखं डोकं मी फार थोड्यांचं पाहिलं. मी तिला शिकवलं होतं: उत्तर जुळलं नाही तर रागावायचं नाही. एकेक पायरी मागे जायचं, चूक कुठेतरी सापडतेच. हे फक्त गणितापुरतं असतं, असं काही मी तिला सांगितलं नव्हतं.

त्या वर्षी जुलैत तिचा बाप, म्हणजे रेम्झीचा मुलगा तानेर, सुट्टीवर आला, तो कोलोनहून एक यंत्र घेऊन. लांब दांडा, खाली ताटलीएवढी चकती. जमिनीत धातू असला की यंत्र कुंई कुंई करतं. पहिले काही दिवस त्याने ते गावभर फिरवलं. घोड्याचे नाल निघाले, खिळे निघाले, एका मोरीतून कुणाच्या तरी सुनेची हरवलेली बांगडी निघाली आणि त्यावरून त्या घरात भांडण झालं. मग बापलेकांची नजर आमच्याच बागेकडे वळली.

बाग घराच्या मागे आहे. जर्दाळूची झाडं, आणि खाली ओढ्याच्या बांधाला एक म्हातारी तुती. तुतीच्या बुंध्याशी एक चपटा दगड अर्धा मातीत रुतलेला होता. त्यावर खिळ्याने ओरखडल्यासारख्या दोन रेघा: एक उभी, तिला छेदणारी एक आडवी. आई दर गुरुवारी उन्हं उतरली की तिथे जाऊन बसायची. दगडाशेजारी बसायची, दगडावर कधीच नाही. जाताना तांब्याभर पाणी न्यायची आणि दगडाभोवती ओतायची. लहानपणी आम्ही विचारलं तर म्हणायची, ‘तुतीला तहान लागते.’

ओढ्याकाठच्या झाडाला कसली तहान, हे मला किंवा रेम्झीला कधी सुचलं नाही. बेंगूला सुचलं. तेव्हा आई म्हणाली, ‘म्हाताऱ्यांना लागते गं. तू म्हातारी झालीस की कळेल.’

शुक्रवार आमचा रोट्यांचा दिवस. गुलिझार पहाटे कणीक मळते, तिच्यावर हाताच्या कडेने दोन रेघा दाबते, एक उभी, एक आडवी, आणि कापड टाकून फुगायला ठेवते. आई तशी करायची, तिच्यापासून सून शिकली, सुनेपासून नात शिकत होती. त्या शुक्रवारी बेंगूने रेघा दाबल्या आणि विचारलं, ‘आजी, ही खूण कशाला?’

‘कणीक चांगली फुगते.’

‘गेल्या वेळी एका गोळ्यावर मी मुद्दाम नव्हती केली. तोही फुगला.’

‘मग बरकत येते.’

‘शेजारच्या घरी तर नाही करत.’

‘त्यांच्याकडे बरकत आहे का? बघ त्यांच्या दाराकडे,’ गुलिझार म्हणाली, आणि माझ्याकडे वळली, ‘ताई, तुम्ही या पोरीला आणखी शिकवू नका. नवरा मिळायचा नाही हिला.’

आई तंदूरशेजारी बसून राख सारत होती. तिने मान वर केली नाही.

ती खूण कुठली ते मला माहीत होतं. चर्चच्या भिंतीत तशा पुष्कळ होत्या. शाळेत असताना भांडणात एका मुलीने मला म्हटलं होतं, ‘जा गं, तुझी आई तलवारीतून उरलेली आर्मेनियन.’ घरी येऊन मी वडिलांना त्याचा अर्थ विचारला. वडिलांनी आयुष्यात एकदाच माझ्यावर हात उचलला, तो त्या दिवशी. त्यामुळे अर्थ मला चांगला कळला.

त्याच दिवशी संध्याकाळी आम्ही मांडवाखाली जेवायला बसलो. गव्हाचा भरडा, दह्यातली काकडी, सकाळच्या रोट्या. तानेर त्याच्या कारखान्यातली गोष्ट सांगत होता.

‘एक ग्रीक आहे आमच्या पाळीत. भर कँटीनमध्ये मला विचारतो, तुमच्याकडच्या आर्मेनियन लोकांचं काय केलंत? सगळे बघतायत. मी म्हटलं, आधी आपल्या ताटात बघ.’

‘मग काय सांगितलंस त्यांना?’ बेंगूने विचारलं.

‘सांगायचं काय? काही झालंच नाही. आमच्या गावात आर्मेनियन नव्हतेच.’

‘मग चर्च कुणाचं?’

‘ते फार जुनं आहे. रोमन लोकांचं.’

‘आणि सोनं?’

‘सोनं आर्मेनियन लोकांचं,’ तानेर म्हणाला, आणि मग त्याचा घास तोंडाशीच थांबला.

गुलिझारने ओढणीचं टोक तोंडावर धरलं. रेम्झीने घसा साफ केला. पोराची बाजू सावरायची सवय त्याला पहिल्यापासूनच.

‘होते. थोडे होते,’ तो म्हणाला. ‘तेव्हा लढाई होती, बेंगू. सरकारने त्यांना खाली दक्षिणेला हलवलं. वाटेत आजार, भूक. काही मेले. तेव्हा सगळेच मरत होते, आपलेही मेले.’

‘मग जाताना सोनं का नाही नेलं?’

‘परत येऊ असं वाटलं असेल.’

‘मग का नाही आले?’

‘तिकडे आवडलं असेल. जेव तू.’

‘सोनं इथे सोडून?’

‘बाबा, तुम्ही तरी हे काय सांगत बसलात,’ तानेरचा आवाज चढला. ‘आवडलं असेल म्हणे. त्यांनी आपल्या लोकांना कापलं. रशियनांना सामील झाले, आपली बायापोरं मारली. ते सांगा तिला.’

‘कुणी मारली?’ बेंगूने विचारलं. ‘जे नव्हते त्यांनी?’

ती उलटून बोलत नव्हती. गणित सोडवताना भुवया जवळ येतात तशा तिच्या आल्या होत्या, आणि बोट ताटाच्या कडेवर एकेक पायरी मागे सरकत होतं. माझे वडील असते तर त्यांनी एवढंही सांगितलं नसतं. ते नुसते म्हणायचे, ‘गेले ते.’ करकोचे जातात तसे. एका पिढीने ‘गेले’ म्हटलं, दुसरीने ‘हलवले’, तिसरी म्हणत होती ‘नव्हतेच, आणि त्यांनीच आपल्याला मारलं’. तिघांचंही एकाच वाक्यावर एकमत होतं, ते म्हणजे सोनं खाली आहे.

‘उद्या तुतीखाली बघू,’ तानेर बापाला म्हणाला. ‘त्या दगडावर खूण आहे.’

तेव्हा आई बोलली. ‘तुतीखाली खणू नका.’

आई जेवताना कधी काही मागायची नाही. मीठसुद्धा नाही. सगळे तिच्याकडे बघायला लागले.

‘का गं आई?’ रेम्झीने विचारलं.

‘मुळं दुखावतील.’

‘मुळं राखून खणतो, आजी,’ तानेर हसत म्हणाला. ‘तुम्हाला सोन्याच्या बांगड्या करतो. मग तर झालं?’

‘मला नकोत,’ आई म्हणाली, आणि ताट उचलून आत गेली.

मी तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले. ती उभ्या उभ्याच फडक्याने तेच ते ताट पुसत होती.

‘आई, काय आहे तिथे?’

तिने एकदा दाराकडे बघितलं. ‘माझी आई आहे. आणि मिनास.’

मिनास कोण, हे मला त्या वयात प्रथम कळलं. तिचा धाकटा भाऊ. मी स्टूल सरकवलं, ती बसली नाही. हळू आवाजात, जशी बाजाराची यादी सांगावी तशी ती बोलली. पुरुषांना आधीच नेलं होतं. मग बायकापोरांना या बागेत आणून बसवलं, इथून पुढे रस्त्याला लावणार होते. मिनासच्या अंगात ताप होता, त्याला उठवेना. तिची आई त्याला सोडून उठेना.

‘मग?’

‘मग काय. तिथेच.’

‘कुणी, आई?’

‘ज्याने मला वाचवलं, त्यानेच,’ ती म्हणाली. ‘तुझ्या आजोबांनी. आधी त्या दोघांना. मग मला दंडाला धरून उभं केलं, दात बघितले आणि म्हणाले, ही कामाची आहे. पुढे मोठी झाले तेव्हा मुलाशी लग्न लावलं. हे घर माझ्या बापाचं, नेबाहत. ही तुती माझ्या बापाच्या बापाने लावलेली. मी सून होऊन आले ती माझ्याच घरात. तुझ्या आजोबांच्या शेवटच्या दिवसापर्यंत त्यांचे पाय मी धुतले.’

ती पुन्हा ताट पुसायला लागली.

‘नांगर त्या जागेवरून जायला लागला होता. मला भीती वाटली, जागाच हरवेल. म्हणून तो दगड मी ओढत नेऊन ठेवला. आई कणकेवर जी खूण करायची ती खिळ्याने केली. दुसरं काही लिहायला येत नव्हतं मला. आता तीच बघून हे खणायला निघाले.’ तिने ताट फळीवर ठेवलं. मग म्हणाली, ‘मला दुसरं काही नको. त्यांना तिथेच असू दे. आणि मी गेले की मलाही तिथे ठेवा, कडेला. एवढं रेम्झीला सांग. तू मोठी आहेस.’

सकाळी रेम्झी कुदळीला दांडा बसवत होता तेव्हा मी त्याला गाठलं.

‘रेम्झी, आई नको म्हणते.’

‘आईला झाडाची काळजी, ताई.’

‘झाडाची नाही. तुला माहीत आहे.’

त्याने दांडा जमिनीवर ठोकला, एकदा, दोनदा. ‘मला काही माहीत नाही,’ तो म्हणाला. ‘आणि तुलाही नाही.’

‘मग पोराला सांग, दुसरीकडे खण.’

‘काय म्हणून सांगू? कारण विचारेल तो.’

तानेरने यंत्र दगडाभोवती फिरवलं. एका जागी ते कुंई करून ओरडलं. पुन्हा फिरवलं, पुन्हा तिथेच. त्याने दगडावरची माती हाताने झाडली. खुणा वाचणारी माणसं आमच्या तालुक्यात पैशाला पासरी आहेत, त्यांच्यातल्या कुणाकडून तरी तो शिकून आला होता.

‘बघा बाबा, क्रूस. खालचा पाय लांब आहे. म्हणजे खाली, सरळ खाली. दोन्ही हात सारखे, म्हणजे आजूबाजूला शोधायचं नाही. इतकी स्वच्छ खूण मी कुठे बघितली नाही.’

बेंगू वाकून दगड बघत होती. तिने हाताची कड त्या उभ्या रेघेवर ठेवली, मग आडवीवर. ‘बाबा, ही खूण सोन्याची नाही. ही आपल्या कणकेवरची आहे.’

 गुलिझार रोट्यांचं टोपलं घेऊन आली होती, ती होती तिथेच उभी राहिली. तानेरने बापाकडे बघितलं. रेम्झीने बघितलं घराच्या ओट्याकडे, जिथे आई भिंतीला टेकून बसली होती. त्या वेळी कुदळ खाली ठेवता आली असती. पण ठेवली असती तर का ठेवली ते सांगावं लागलं असतं. पोरीला, तानेरला, आणि मग आपलं आपल्यालाही. त्यापेक्षा खणणं सोपं होतं.

‘खण,’ रेम्झी म्हणाला.

दगड उलथला. माती मऊ होती, झरझर निघाली. तुतीचं एक मूळ आडवं आलं, ते तानेरने कुऱ्हाडीने तोडलं. आई ओट्यावरून उठली आणि काठी टेकत येऊन खड्ड्याच्या कडेला उभी राहिली. तिला कुणी अडवलं नाही, आणि तिनेही कुणाला अडवलं नाही.

आधी एक लांब हाड निघालं. ‘मेंढीचं,’ रेम्झी म्हणाला. मग एक लहान कवटी निघाली, तिच्या खालच्या जबड्यात दुधाचे दात होते. मेंढी म्हणायची सोय राहिली नाही. तिच्याभोवती एक मोठा हात वळलेला होता, आणि त्या हाताच्या बोटांच्या जागी, हिरवं पडलेलं, एक अंगुस्तान. शिवताना बोटात घालतात ते. यंत्र ओरडलं होतं ते एवढ्याशा पितळेसाठी.

‘आई शिवायची,’ माझी आई मला म्हणाली, जणू मी विचारलं होतं.

मी बेंगूला जवळ ओढलं, पण ती मान वळवून बघतच होती. तेवढ्यात बांधावरून गावचा मुख्तार, म्हणजे आमचा सरपंच, शाकिर चालला होता. खणण्याचा आवाज आला की आमच्या गावात माणूस थांबणारच. तो खाली उतरला, खड्ड्यात डोकावला आणि टोपी मागे सारली.

‘सोनं नाही?’

‘नाही,’ तानेर म्हणाला.

‘कुणाची ही?’ शाकिर उकिडवा बसला आणि समजावायच्या सुरात बोलू लागला. ‘हे बघ रेम्झी. त्यांची असतील तर पोतं आण. भर, आणि ओढ्याला पाणी आहे तोवर सोडून दे. उगाच कुणी परदेशी पेपरवाला यायचा आणि आपल्या तोंडाला काळं फासायचा. पण आपली असतील, तर गोष्ट वेगळी. मग मला वर कळवायला पाहिजे. पलीकडच्या तालुक्यात असंच निघालं. त्यांनी मारलेले आपले लोक. सरकारने संगमरवर घातला, साहेब आले, आणि साहेबांची गाडी यायची म्हणून रस्ता डांबरी झाला. आपला रस्ता बघतोस ना?’

रेम्झी खड्ड्यातून वर आला. तो आईजवळ गेला आणि तिचा हात धरला. मी शेजारीच होते.

‘आई,’ तो हळूच म्हणाला, ‘पोत्यात भरायची नसतील तर ही आपली आहेत.’

‘माझीच आहेत.’

‘तशी नाही, आई.’

आईने त्याच्याकडे बघितलं. आपल्या पोटचा मुलगा किती वर्षांपासून सगळं जाणतो, हे तिला त्या क्षणी कळलं, आणि तिच्या चेहऱ्यावर ते कळलेलं मला दिसलं. ‘म्हण तसं,’ ती म्हणाली. ‘पण इथून हलवायची नाहीत.’

रेम्झी वळला. त्याचा आवाज मोठा आणि स्वच्छ होता. ‘ही आपली आहेत, शाकिर. आर्मेनियन टोळ्यांनी मारलेली. माझे वडील सांगायचे.’

वडिलांनी असलं काही कधी सांगितलं नव्हतं. ‘गेले ते’ यापलीकडे त्यांनी तोंड उघडलं नव्हतं. पण त्या दिवसापासून ते सांगायचे असं ठरलं, आणि महिनाभरात निम्म्या गावाला आठवायला लागलं की त्यांच्याही वडिलांनी तेच सांगितलं होतं.

तालुक्याहून माणसं आली, त्यांनी फोटो काढले. बांध सपाट केला. तुतीची एक बाजू छाटली. ऑगस्टच्या अखेरीस, विजयदिनाला, संगमरवरी चौथऱ्यावरचं कापड काढलं. वर चंद्र-तारा आणि खाली सोनेरी अक्षरं: ‘इथे आमचे शहीद चिरविश्रांती घेत आहेत.’ इमामाने प्रार्थना म्हटली. शाळेची पोरं हातात झेंडे घेऊन रांगेत उभी होती. आईला पहिल्या रांगेत खुर्ची दिली होती, कारण गावात तिच्याएवढं जुनं कुणी उरलं नव्हतं. तालुक्याचे साहेब तरुण होते, चांगल्या घरचे वाटत होते. ते वाकून तिच्या हाताला ओठ टेकवून म्हणाले, ‘आजी, तुम्ही तेव्हा लहान असाल. तुम्हाला काही आठवतं?’

‘आठवतं,’ आई म्हणाली. ‘मी बघितलं.’

साहेबांनी मागे वळून पेपरवाल्याला जवळ बोलावलं. ‘काय बघितलंत, आजी?’

‘पोराला ताप होता. बाई उठेना. दोघांना मारलं.’

‘कुणी मारलं?’

आईने रेम्झीकडे बघितलं. तो खुर्चीच्या मागेच होता, दोन्ही हात पाठीवर ठेवून. ‘आर्मेनियन टोळ्यांनी, साहेब,’ तो म्हणाला. ‘आईला बोलवत नाही. आठवलं की त्रास होतो तिला.’

‘साहजिक आहे,’ साहेब म्हणाले, आणि त्यांचे डोळे खरोखरच भरून आले. मी बघितलं. त्या माणसात खोट नव्हती. आईला त्यांनी आपला रुमाल दिला.

चौथऱ्याभोवती लोखंडी कठडा घातला. त्याला दार, दाराला कुलूप, आणि किल्ली मुख्तारच्या घरी खिळ्याला. गुरुवारी आई तांब्या घेऊन गेली. कठड्याच्या बाहेरून पाणी ओतलं. ते संगमरवरावरून ओघळून तिच्याच पायाशी आलं. तिने ते बघितलं आणि म्हणाली, ‘असू दे. आता कुणी खणणार तरी नाही.’ जुना दगड गुलिझारने कोंबड्यांच्या खुराड्यापुढे पायरी म्हणून टाकला, खूण खालच्या अंगाला करून.

त्या दिवसांत संध्याकाळी आई बेंगूला घेऊन खूप वेळ बोलत बसायची. मी पोरांची गणितं बघत असे, मला ऐकू येत नसे.

तानेरची सुट्टी संपत आली होती तेव्हा एका सकाळी आई उठली नाही. गुलिझार चहा घेऊन गेली आणि तशीच परत आली. आमच्यात मयत थांबवून ठेवत नाहीत, दुपारच्या नमाजानंतर लगेच पुरतात. मी रेम्झीला म्हटलं, ‘कडेला. तिने एवढं एकच मागितलं होतं.’ या वेळी त्याने ‘मला माहीत नाही’ म्हटलं नाही. तो उठून मुख्तारकडे गेला. मीही गेले.

शाकिरला वाईट वाटलं. त्याने आम्हाला बसवलं, आईबद्दल चार चांगले शब्द काढले. मग म्हणाला, ‘पण रेम्झी, ती शहिदांची जागा आहे. सरकारी. तिथे कुणालाही कसं ठेवता येईल? म्हातारी काय शहीद आहे का?’

‘तिची फार इच्छा होती,’ रेम्झी म्हणाला.

‘इच्छा होती, पण का?’ शाकिरने विचारलं. ‘तिचं कोण आहे तिथे?’

तो मुद्दाम विचारत नव्हता. उत्तराची वाट बघत होता. खिळ्याला किल्ली टांगलेली होती, आमच्या तिघांच्या मध्ये. रेम्झीचा ओठ हलला. मग तो म्हणाला, ‘कुणी नाही. नुसती सावली आवडायची तिला.’

तिला गावच्या कबरस्तानात ठेवलं. आमच्या घराण्याच्या ओळीत एकच जागा मोकळी होती, आजोबांच्या पायाशी.

परतताना बेंगू दिसेना. ती कठड्याशी उभी होती. तिने एका रोटीचे तुकडे केले होते आणि ते एकेक करून गजांतून आत टाकत होती, आणि पुटपुटत होती. आम्ही जवळ गेलो तेव्हा ऐकू आलं. ‘हे मिनासला. हे मरियमला. हे शुशानला.’ मरियम ही आईची आई असणार. शुशान कोण, ते मी तिला विचारलं नाही. तिला माझ्याआधी कळलं होतं. माझ्या आईचं मूळ नाव मी असं ऐकलं.

तानेर तिच्यापुढे गुडघे टेकून बसला. तो रागावला नव्हता. पोरीवर त्याचा जीव होता, आणि तिला तो पुढच्या वर्षी कोलोनला नेणार होता, त्या कँटीनच्या, त्या ग्रीकाच्या गावाला.

‘बेंगू, पणजी फार म्हातारी होती. म्हाताऱ्यांना भास होतात. शाळेत बाई विचारतील, इथे कोण आहे, तर काय सांगशील?’

‘आपले शहीद.’

‘कुणी मारलं त्यांना?’

‘आर्मेनियन लोकांनी.’

‘आणि पणजीने तुला काय सांगितलं?’

तिने माझ्याकडे बघितलं. भुवया जवळ आल्या, बोट कठड्याच्या गजावर थोडं मागे सरकलं. ओट्यावर अशा वेळी मी कधी मदत करत नसे, पोराला आपलं आपण सापडू द्यायचं. तिचं बोट थांबलं. तिने माझ्यावरून नजर काढली आणि आजोबाकडे बघितलं, मग बापाकडे.

‘काही नाही,’ ती म्हणाली.

‘शाबास,’ तानेर म्हणाला आणि तिला उचलून घेतलं. दोनदा सांगावं लागलं नाही. मी म्हटलं ना, असं डोकं मी फार थोड्यांचं पाहिलं.

पुढच्या शुक्रवारी गुलिझारने कणीक मळली आणि नातीला हाक मारली. बेंगूने हात धुतले, कणीक गोल केली, आणि खूण न करताच तिच्यावर कापड टाकलं. गुलिझार तंदूर पेटवायला गेली. कणीक नेहमीसारखीच फुगली.